वाचकांचे प्रश्न : जीसीवर पीक आला, पण कशाचा?

गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे सगळे म्हणतात त्या ‘जीसी’वर, प्रश्न मागवले होते. नमुन्याची वाफ ओव्हनमधल्या लांब, बारीक नळीतून (कॉलम) वाहक वायूबरोबर नेली की त्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, डिटेक्टर त्यांची नोंद घेतो आणि आलेखावर प्रत्येकाचा एक उंचवटा, म्हणजे ‘पीक’, उमटतो. कुरकुंभच्या औषध कारखान्यांपासून जुन्नरच्या द्राक्षबागांपर्यंत सगळीकडून पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. ज्यांच्या हाताखाली ही यंत्रं रोज चालतात त्यांनी उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : जीसीत घटक उकळणबिंदूप्रमाणे वेगळे होतात असं पुस्तकात आहे. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, बेन्झीन ८० अंशांना. तरी प्रॅक्टिकलला दोघांचे पीक एकमेकांपासून इतके लांब कसे आले? शिवाय ओव्हन ५० अंशांवर होता, म्हणजे दोन्ही उकळायचेच होते. मग ते पुढे सरकले कसे?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : आधी दुसरा भाग घेऊ. कॉलममध्ये पदार्थ उकळावा लागत नाही. त्याचा थोडा भाग वाफेत असला की पुरतं, कारण वाहक वायू तो भाग सतत पुढे नेत असतो. नमुन्याची झटक्यात वाफ करायचं काम इंजेक्टरचं, आणि तो २०० ते २५० अंशांवर असतो.

आता वेगळं होण्याचं. नेहमीचा कॉलम म्हणजे ३० मीटर लांब, आतून ०.२५ मिलिमीटर रुंद अशी सिलिकाची नळी. तिच्या आतल्या भिंतीवर ०.२५ मायक्रॉन जाडीचा द्रवासारखा थर असतो. रेणू एक तर वायूत असतो, नाही तर थरात. वायूत असताना सगळ्यांचा वेग एकच. लक्ष्मी रस्त्यावर सगळे एकाच चालीने चालतात असं धरा. अलका टॉकीजच्या चौकात आधी कोण पोहोचेल ते कोण किती दुकानांत रेंगाळला यावर ठरतं. थरात किती वेळ जाणार हे दोन गोष्टींवर अवलंबून असतं : पदार्थाचा बाष्पदाब आणि त्याचं त्या थराशी असलेलं सख्य. तुमच्या प्रॅक्टिकलला बहुधा मिथाइल सिलिकोनचा कॉलम असणार. त्या थरात बेन्झीन छान विरघळतं. इथेनॉलला मात्र हायड्रोजन बंध जुळवायला तिथे फारसं कोणी भेटत नाही, म्हणून ते लवकर बाहेर पडतं. हेच दोन पदार्थ पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या, म्हणजे वॅक्स कॉलमवर टाकून बघा. तिथे इथेनॉल अडतं आणि दोघं जवळजवळ एकत्र येतात. उकळणबिंदूचा नियम एका कुटुंबात बरोबर चालतो : मेथनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल, ब्युटेनॉल. कुटुंब बदललं की कॉलमचा थर काय आहे ते आधी विचारायचं.

तापमानाचा एक अंदाज पाठ असू द्या. ओव्हन साधारण १५ अंशांनी खाली आणला की पदार्थ कॉलममध्ये जवळपास दुप्पट वेळ अडकतो. म्हणूनच हलके आणि जड घटक एकत्र असले की ४० अंशांवर पाच मिनिटं थांबून मग मिनिटाला १० अंशांनी २४० पर्यंत चढायचं, असा प्रोग्राम लावतात.

जाता जाता थोडा इतिहास. वाहक म्हणून द्रवाऐवजी वायूही चालेल, हे मार्टिन आणि सिंज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४१ च्या शोधनिबंधात लिहून ठेवलं होतं. दहा वर्षं कोणी ते मनावर घेतलं नाही. शेवटी मार्टिन यांनीच जेम्स यांच्यासोबत १९५२ मध्ये ते करून दाखवलं. मार्टिन आणि सिंज यांना रसायनशास्त्राचं नोबेलही त्याच वर्षी मिळालं.

प्रश्न : सर, रिटेन्शन टाइम (पीक यायला लागणारा वेळ) रोज थोडा पुढे जातोय, मेथनॉलच्या पीकला शेपूट आहे आणि सहा इंजेक्शनमध्ये एरिया (पीकचं क्षेत्रफळ) आठ-दहा टक्के हलतोय. डिटेक्टर उघडून साफ केला, काही फरक नाही. कॉलम नवा आहे, मागच्याच आठवड्यात बसवला. कॉलमच खराब आला असेल का?
– क्यूसी केमिस्ट, कुरकुंभ

उत्तर : कॉलम खराब निघायची शक्यता फार कमी. आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत डिटेक्टरवर किंवा सॉफ्टवेअरवर संशय आहे. पण अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इंजेक्टरमध्ये आणि कॉलमच्या पहिल्या वीतभर भागात सापडतं. डिटेक्टर बिघडला तर सिग्नल कमी होतो, नाही तर बेसलाइन (पीक नसतानाची सरळ रेघ) नाचते. रिटेन्शन टाइम त्याच्यामुळे हलत नाही. तो हलला की फ्लो, तापमान किंवा गळती यांतलं काही तरी आहे असं समजायचं.

तुमच्याकडे ‘मागच्याच आठवड्यात’ हाच धागा आहे. ग्रॅफाइट-वेस्पेलचं फेरूल (नटाखालची गळती रोखणारी कडी) ओव्हनच्या पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत आकसतं. बसवताना घट्ट असलेला नट आठवड्यात सैल होतो आणि बारीक गळती सुरू होते. गळती वाढली की इंजेक्टरचं प्रेशर टिकत नाही, पीक उशिरा येतात, एरिया हलतो आणि आत शिरलेला ऑक्सिजन गरम कॉलमचा थर खातो. ओव्हन थंड करा, दोन्ही नट किंचित आवळा आणि इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर फिरवून बघा. कॉलमच्या नटांना साबणाचं पाणी लावू नका. सूक्ष्म फटीतून ते आत जातं आणि पुढे कित्येक दिवस बेसलाइनवर दिसत राहतं.

तेवढ्याने भागलं नाही तर कॉलम काढून परत बसवा. घाई केली की पुढच्या सगळ्या रनमध्ये ती दिसते, म्हणून क्रम नीट सांगतो.

ओव्हन आणि इंजेक्टर ५० अंशांखाली आले की वाहक वायू बंद करा. कॉलमवर आधी नट आणि फेरूल ओवा आणि मगच टोक कापा. उलट केलंत तर फेरूलची भुकटी टोकात शिरते. सिरॅमिक वेफरने एकच हलकी रेघ ओढायची, करवतीसारखं घासायचं नाही. मग रेघेच्या उलट बाजूला हलकं वाकवलं की एक-दोन सेंटिमीटरचा तुकडा टक्कन निघतो. कापलेलं टोक दहा किंवा वीस पटीच्या भिंगाखाली धरा. कड सरळ काटकोनात हवी, मांजराने कुरतडल्यासारखी नको. फुटक्या कडेवर उघडी सिलिका असते. मेथनॉलसारखे रेणू तिला चिकटून सावकाश सुटतात, आणि तीच तुमची शेपूट.

फेरूलच्या वर कॉलम किती मिलिमीटर जायला हवा ते तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. शेजारच्या मशीनवरचं माप वापरू नका, कंपनीप्रमाणे ते बदलतं. खूण हलू नये म्हणून नटाच्या खाली व्हाइटनरचा ठिपका लावा. एफआयडीच्या, म्हणजे ज्योतीवर चालणाऱ्या डिटेक्टरच्या, बाजूला कॉलम जेटला (ज्योतीच्या नळीला) टेकेपर्यंत वर न्यायचा आणि एक-दोन मिलिमीटर मागे घ्यायचा. नट हाताने घट्ट, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा. त्यापुढे जोर लावला की फेरूल चिरडतं.

डिटेक्टरला जोडण्याआधी कॉलमचं सुटं टोक आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या) व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, बुडवून बुडबुडे येतात का बघा. मग ओव्हन थंडच ठेवून १५ ते २० मिनिटं वायू वाहू द्या. ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत. कॉलममधली हवा निघायच्या आत ओव्हन तापवला तर नवा कॉलम पहिल्याच दिवशी म्हातारा होतो. कंडिशनिंग करताना, म्हणजे कॉलम तापवून साफ करताना, टोक डिटेक्टरबाहेर ठेवा आणि डिटेक्टरचं तोंड बुचाने बंद करा. मिनिटाला पाच ते दहा अंशांनी चढा, मेथडच्या कमाल तापमानाच्या २० अंश वरपर्यंत, पण कॉलमच्या डबीवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. तिथे एक-दोन तास पुरे. वाहक हायड्रोजन असेल तर सुटं टोक ओव्हनमध्ये सोडून कंडिशनिंग कधीही करू नये. हवेत चार टक्के हायड्रोजन जमला की स्फोट व्हायला ठिणगी पुरते.

शेवटी लायटरमधला थोडा गॅस सिरिंजमध्ये घेऊन मारा. न अडकणाऱ्या पदार्थाचा पीक अरुंद आणि सरळ आला म्हणजे बसवणं जमलं. ३० मीटरच्या कॉलमवर हेलियम सेकंदाला ३५ सेंटिमीटरने जात असेल तर हा पीक १.४ मिनिटांच्या आसपास दिसायला हवा. नायट्रोजन १५ सेंटिमीटरने जात असेल तर ३.३ मिनिटांना.

एरिया हलण्याचं आणखी एक कारण तपासा : नमुना कशात विरघळवला आहे? २५० अंश आणि १० पीएसआयला एक मायक्रोलिटर हेक्झेनची वाफ साधारण २०० मायक्रोलिटर होते, मेथनॉलची ६३०, आणि पाण्याची चौदाशे. चार मिलिमीटर रुंदीच्या नेहमीच्या लायनरमध्ये (इंजेक्टरमधल्या काचेच्या नळीत) जागा असते जेमतेम नऊशे-हजार मायक्रोलिटरची. म्हणजे पाण्यातल्या नमुन्याचं एक मायक्रोलिटर मारलं की वाफ लायनरमध्ये मावत नाही. ती सेप्टमकडे (सुई जिथून शिरते त्या रबरी बुचाकडे) आणि वायूच्या नळीत उलटी जाते, दर वेळी वेगळी. अर्धा मायक्रोलिटर मारा किंवा हेडस्पेसवर जा, म्हणजे बंद बाटली तापवून द्रवावरची वाफच घ्या.

प्रश्न : ब्लँकमध्येही (नमुना नसलेल्या रनमध्येही) पीक दिसतात, आणि तेही एकसारख्या अंतरावर. सॉल्व्हंट बदलून पाहिलं.
– भोसरी

उत्तर : सेप्टमचे सिलिकोन आहेत. शंभर-दीडशे इंजेक्शननंतर सेप्टम बदला आणि लायनरही काढून उजेडात धरा. काचेच्या लोकरीवर सेप्टमचे तांबूस कण पडलेले दिसतील. सेप्टमचा नट फार आवळू नका. तो जितका घट्ट, तितकं सुईने सेप्टम लवकर कुरतडतं. खात्री करायची तर इंजेक्शन न मारता नुसता प्रोग्राम चालवा. तरीही पीक आले, तर ते सिरिंज-सॉल्व्हंटचे नाहीत, इंजेक्टरचे किंवा वायूचे आहेत.

प्रश्न : दर पावसाळ्यात एफआयडी त्रास देतो. जूनपासून बेसलाइनवर काटे येतात, फ्लेम मधूनच विझते. ऑक्टोबरमध्ये सगळं आपोआप ठीक. एअर कंडिशनर तर वर्षभर चालूच असतो.
– फूड लॅब, हडपसर

उत्तर : एसी खोलीतली हवा कोरडी करतो, पण तुमचा कॉम्प्रेसर बहुधा बाहेर गच्चीवर किंवा जिन्याखाली असेल. तो पुण्याची जुलैतली दमट हवा ओढतो. दाबल्यावर तिच्यातलं पाणी टाकीत साचतं, आणि टाकी भरत आली की नळीतून थेट डिटेक्टरकडे निघतं. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा ड्रेन करणं चालून जातं. पावसाळ्यात मात्र सकाळ-संध्याकाळ कॉक उघडा. ऑटो-ड्रेन असेल तरी तो खरंच पाणी सोडतोय का, ते खाली कप धरून बघा. कचरा अडकून तो बंद पडलेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो.

पुढे सिलिका जेलचा ट्रॅप, म्हणजे ओलावा शोषणारी नळी. निळी जेल गुलाबी झाली की संपली. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवली की परत निळी होते. त्यामागचं मॉलिक्युलर सीव्ह संपलं तरी रंग बदलून सांगत नाही, म्हणून त्याच्यावर बदलल्याची तारीख चिकटवून ठेवा. ट्रॅपचा क्रम आधी ओलाव्याचा, मग कोळशाचा, आणि वाहक वायूच्या लाइनवर सर्वांत शेवटी ऑक्सिजनचा. ओलावा पुढे गेला तर महागडा ऑक्सिजन ट्रॅप फुकट जातो.

फ्लेमसाठी हायड्रोजन मिनिटाला ३० ते ४० मिलिलिटर, हवा ३०० ते ४००, मेकअप (डिटेक्टरला जोडीने दिलेला) नायट्रोजन २५ ते ३०. हे आकडे स्क्रीनवर वाचून समाधान मानू नका, डिटेक्टरच्या तोंडाशी फ्लोमीटर लावून मोजा. हायड्रोजन जळून पाणीच तयार होतं. म्हणून डिटेक्टर १५० अंशांच्या खाली असताना फ्लेम पेटवली तर ते आतच साचतं, कलेक्टर गंजतो आणि तेच काटे बेसलाइनवर उमटतात. २५० च्या वर ठेवा. फ्लेम पेटली का हे बघायचं असेल तर वरच्या तोंडावर थंड, चकचकीत पान्याची पाठ क्षणभर धरा. वाफ धरली तर पेटली आहे.

याच दिवसांत वीजही जाते. वीज गेली की इलेक्ट्रॉनिक फ्लो कंट्रोल वायू बंद करतं, पण ओव्हन मात्र गरमच असतो. मशीनला यूपीएस हवाच. आणि वीज आल्यावर लगेच प्रोग्राम सुरू न करता आधी थंड कॉलममधून १५ मिनिटं वायू सोडा.

प्रश्न : बाजारातल्या तुपात भेसळ आहे की नाही, हे जीसीवर कळतं असं ऐकलं. तूप तर वाफ होण्याआधी जळेल. मग तपासतात कसं? आणि अहवाल शंभर टक्के धरायचा का?
– गृहिणी, सदाशिव पेठ

उत्तर : तुमची शंका बरोबर आहे. तूप तसंच घालत नाहीत, आधी त्यातल्या मेदाम्लांचे मिथाइल एस्टर बनवतात. पद्धत साधी आहे : ०.१ ग्रॅम तूप दोन मिलिलिटर हेक्झेनमध्ये विरघळवायचं, मेथनॉलमधलं दोन मोलरचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड ०.२ मिलिलिटर घालायचं, अर्धा मिनिट जोरात हलवायचं आणि थर वेगळे झाले की वरचा थर घ्यायचा. तापवायची गरज नाही, आणि तुपाच्या बाबतीत तेच महत्त्वाचं आहे. तुपाची ओळख असलेलं चार कार्बनचं ब्युटिरिक आम्ल दुसऱ्या कुठल्याही नेहमीच्या खाद्यतेलात नसतं. त्याचा एस्टर १०२ अंशांच्या आसपासच उकळतो. नायट्रोजनखाली सॉल्व्हंट उडवलं की तो सोबत उडून जातो आणि चांगलं तूपही भेसळीचं वाटायला लागतं. शिवाय एवढ्या लहान एस्टरला एफआयडी कमी प्रतिसाद देतो. त्याच्या एरियाला साधारण दीडपट दुरुस्ती लावावी लागते, आणि हे न करणारे अहवाल आम्ही पाहिले आहेत. खवट नमुन्याला ही पद्धत चालत नाही, कारण सुट्या मेदाम्लांचं एस्टर अल्कलीने होत नाही. तिथे बोरॉन ट्रायफ्लोराइड-मेथनॉल घ्यावं लागतं.

यातून पाम तेलाची मोठी भेसळ दिसते, कारण सोळा कार्बनचं पामिटिक आणि अठरा कार्बनचं ओलेइक वाढतं आणि छोट्या साखळीची आम्लं घटतात. थोडी भेसळ मात्र लपते. गाय की म्हैस, चारा कोणता, ऋतू कोणता, यावर खऱ्या तुपाचेही आकडे बदलतात. म्हणून दुसरी तपासणी जोडतात, स्टेरॉलची. दुधाच्या चरबीत कोलेस्टेरॉल असतं, वनस्पती तेलात बीटा-सिटोस्टेरॉल. तुपात सिटोस्टेरॉलचा ठळक पीक दिसला तर तेल मिसळलेलं आहे. प्राण्याची चरबी मिसळली असेल तर स्टेरॉलनेही पकडता येत नाही, त्यासाठी ट्रायग्लिसराइडांचं प्रमाण बघावं लागतं. तेव्हा अहवाल हातात आला की ‘पास’ हा शब्द वाचून थांबू नका. यांतल्या कोणत्या तपासण्या केल्या ते विचारा.

प्रश्न : द्राक्षाच्या एकाच प्लॉटचे दोन नमुने दोन लॅबमध्ये दिले. एकीने मँकोझेब हे बुरशीनाशक दाखवलं, दुसरीने ‘आढळले नाही’. कोणाचं खरं मानायचं? माल युरोपला जायचा आहे.
– बागायतदार, नारायणगाव

उत्तर : दादा, मँकोझेबच्या बाबतीत हा घोळ नेहमीचा आहे, आणि त्यात लॅबची लबाडीच असेल असं नाही. बाकीची बहुतेक औषधं काढायला दहा ग्रॅम लगदा, दहा मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल, चार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि एक ग्रॅम मीठ घालून हलवतात, आणि तो अर्क मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र) जोडलेल्या जीसीवर आणि एलसीवर (लिक्विड क्रोमॅटोग्राफीवर) टाकतात. मँकोझेब कुठल्याच सॉल्व्हंटमध्ये धड विरघळत नाही, म्हणून त्या अर्कात ते येत नाही. ते वेगळं तपासावं लागतं : द्राक्षं बंद बाटलीत स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लासोबत तापवायची, मँकोझेब फुटून कार्बन डायसल्फाइड तयार होतो, आणि तो जीसीवर मोजायचा. यात दोन गोष्टी आडव्या येतात. द्राक्षाचा लगदा करून ठेवला की मँकोझेब त्यातच विघटित होतं आणि आकडा खाली येतो, त्यामुळे या तपासणीसाठी मणी अख्खे किंवा मोठे तुकडे करून लगेच घ्यावे लागतात. दुसरं म्हणजे कार्बन डायसल्फाइड मँकोझेबचाच, की झायरम-थायरमसारख्या त्याच गटातल्या दुसऱ्या औषधाचा, हे ही पद्धत सांगत नाही.

म्हणून दोन्ही लॅबना तीन प्रश्न विचारा : या गटाची वेगळी तपासणी केली का, नमुना लगदा करून ठेवला होता का, आणि तुमची मोजण्याची खालची मर्यादा किती? ज्या औषधाला युरोपात खास मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होते, म्हणजे टनभर द्राक्षांत दहा मिलिग्रॅम. अशा औषधासाठी लॅबची मर्यादा ०.०५ असेल तर तिच्या ‘आढळले नाही’ला काही अर्थ नाही. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था आहे आणि मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम करतं. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच पद्धतीने तोडले होते का हेही आठवून बघा. वरच्या आणि खालच्या घडांवरची फवारणी कधीच सारखी नसते.

प्रश्न : रेसिड्युअल सॉल्व्हंटचं (औषधात उरलेल्या द्रावकाचं) गणित प्रत्येक जण वेगळं करतो. मेथनॉलचं एक उदाहरण सोडवून द्याल का?
– ट्रेनी, पिंपरी

उत्तर : आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत मेथनॉलची मर्यादा ३००० पीपीएम (दहा लाखांत ३००० भाग) आहे. नमुना ५०० मिलिग्रॅम, डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हा द्रावक) पाच मिलिलिटर, म्हणजे मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. मर्यादेइतकं मेथनॉल असलं तर द्रावणात मिलिलिटरला ३०० मायक्रोग्रॅम येईल. स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण, तेवढंच बनवा, त्याच डीएमएसओत, पाचच मिलिलिटर. सहा स्टँडर्डचा सरासरी एरिया ४२००, नमुन्याचा १८२०. १८२० भागिले ४२०० गुणिले ३०० म्हणजे १३० मायक्रोग्रॅम दर मिलिलिटर. त्याला १०० मिलिग्रॅमने भागा : मिलिग्रॅमला १.३ मायक्रोग्रॅम, म्हणजे १३०० पीपीएम.

गणित सोपं आहे, चूक होते व्हायलमध्ये. २० मिलिलिटरची हेडस्पेस व्हायल ८० ते ८५ अंशांवर ४५ मिनिटं ठेवतात, तेव्हा द्रवातून वाफेत किती जाईल हे द्रव कोणता यावर ठरतं. स्टँडर्ड पाण्यात आणि नमुना डीएमएसओत असेल तर गणित कितीही बरोबर असू द्या, उत्तर चूक. क्रिंप केलेलं झाकण बोटाने फिरलं तर व्हायल टाकून द्या. लूप (वाफ मोजून घेणारी नळी) व्हायलच्या ओव्हनपेक्षा दहा अंश गरम, ट्रान्सफर लाइन (जीसीकडे नेणारी नळी) त्याहून दहा अंश गरम ठेवा, नाही तर वाफ वाटेतच थिजते.

आणि १३०० लिहिण्याआधी एक विचार करा. एफआयडीने सांगितलं ते इतकंच, की मेथनॉलच्या वेळेला काहीतरी जळलं. नमुन्यात माहीत असलेलं मेथनॉल घालून तोच पीक वाढतो का, ८० ते १२० टक्के परत मिळतं का, ते बघा. शंका उरली तर वेगळ्या थराचा कॉलम लावा, नाही तर मास स्पेक्ट्रोमीटर.

प्रश्न : दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात रक्ताच्या अहवालावर दोन-दोन क्रोमॅटोग्राम (जीसीचे आलेख) असतात. कशासाठी?
– वकील, कोथरूड

उत्तर : नुकतंच वर आलं त्याच कारणासाठी. एकाच वेळी बाहेर पडणं हा इथेनॉल असल्याचा पुरेसा पुरावा नाही. म्हणून हेडस्पेसची एकच वाफ दोन वेगळ्या थरांच्या कॉलमांत विभागतात आणि दोन्हीकडे इथेनॉल आपल्या ठरलेल्या वेळेला यावं लागतं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. तुम्ही तीन गोष्टी तपासा. रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड होतं का? नसेल तर जंतूंमुळे बाटलीतच इथेनॉल तयार होऊ शकतं. टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसली होती का? आणि इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी नमुन्यात मोजून घातलेला पदार्थ, कोणतं? एन-प्रोपेनॉल असेल आणि रक्त सडलेलं असेल, तर तेही सडताना थोडं तयार होतं आणि इथेनॉलचा आकडा खाली येतो. टर्शरी ब्युटेनॉलला ही अडचण नाही.

प्रश्न : हेलियम परवडत नाही. एफआयडीवर वाहक म्हणून नायट्रोजन लावला तर चालेल का, की हायड्रोजनवर जावं?
– लॅब मॅनेजर, चाकण

उत्तर : पाच-सहा पीक असतील आणि ते एकमेकांपासून लांब असतील तर नायट्रोजन उत्तम, फक्त ९९.९९९ टक्क्यांचा घ्या. तो सेकंदाला १०-१५ सेंटिमीटरलाच चांगलं काम करतो, म्हणून रन लांबतो. घाई करून फ्लो वाढवला की पीक पसरतात. गर्दीचे नमुने असतील तर हायड्रोजन. तो ४० च्या पुढेही पीक अरुंद ठेवतो. पण ओव्हनमध्ये हायड्रोजन सेन्सर, स्प्लिट व्हेंटची (इंजेक्टरमधून जादा वायू सोडणारी) नळी खोलीबाहेर आणि सिलिंडरऐवजी जनरेटर, एवढी तयारी झाल्याशिवाय बदलू नका. डायक्लोरोमिथेनमध्ये नमुने असतील तर गरम इंजेक्टरमध्ये हायड्रोजनसोबत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि लायनर, कॉलम दोन्ही खातं. तिथे सॉल्व्हंट बदला किंवा नायट्रोजनवरच राहा. वायू कोणताही असो, सिलिंडर पार रिकामा होऊ देऊ नका. १५-२० किलो प्रेशर उरलं की बदला, कारण तळाच्या वायूत ओलावा वाढलेला असतो. आणि वायू बदलल्यावर जुने रिटेन्शन टाइम विसरा. प्रत्येक स्टँडर्ड एकेकटं मारून यादी नव्याने करा.